क्रमांकांची वही

गाणे चांगले की वाईट हे कानाने ठरवावे, आकड्याने ठरवू नये, असे आमच्या घरातील वडील मंडळींचे मत असे. आणि तात्त्विक दृष्ट्या त्यात खोड काढण्याजोगे काही नाही. परंतु मनुष्यस्वभाव असा विलक्षण आहे की, आपल्याला आवडलेले गाणे इतर हजारो अनोळखी माणसांनाही आवडते, हे कळल्यावाचून त्याला चैन पडत नाही. बरे, एवढ्यानेही भागत नाही. ते गाणे दुसऱ्यांच्या आवडत्या गाण्याहून एक पायरी वर बसले पाहिजे, असाही त्याचा हट्ट असतो. या हट्टास १९५२ साली दोन ठिकाणी जवळजवळ एकाच वेळी पाट मिळाला. त्या वर्षीच्या १४ नोव्हेंबरास लंडनच्या एका संगीतविषयक साप्ताहिकाने विलायतेतील सर्वांत अधिक खपणाऱ्या गाण्यांची यादी प्रथम छापली. आणि तीन आठवडे लोटतात न लोटतात तोच, ३ डिसेंबरास, बुधवारी, रेडिओ सिलोनवरून अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली.

हिंदी गाण्यांसाठी सिलोनला का जावे लागले, असे तरुण वाचक विचारतील. त्याच वर्षी दिल्लीस नभोवाणीखात्याचे मंत्रिपद बाळकृष्ण विश्वनाथ केसकर या मराठी गृहस्थांकडे आले. देशात शास्त्रीय संगीताची अभिरुची वाढावी, हा त्यांचा हेतू शुद्ध होता. पण त्यापायी चित्रपटगीतांस आकाशवाणीचे दार बंद झाले, आणि ती समुद्र ओलांडून कोलंबोहून लघुलहरींवर स्वार होऊन परत आमच्याच माजघरात येऊ लागली. पुढे १९५७ साली सरकारने विविधभारती काढली खरी, परंतु बुधवारची रात्र तोवर हातची गेली होती.

गीतमालेत आरंभी सात गाणी वाजवीत, आणि श्रोत्यांनी ती पसंतीच्या क्रमाने लावून पाठवावी, अशी योजना असे. बक्षीस शंभर रुपयांचे. पहिल्याच कार्यक्रमास नऊ हजारांवर पत्रे आली, असे सयानी सांगत असत. पुढे पत्रांचा ढीग आवरेना, तेव्हा ध्वनिमुद्रिकांच्या विक्रेत्यांकडील खपाचे आकडे आणि गावोगावच्या श्रोतृसंघांची मते यांवरून क्रम लावण्यात येऊ लागला, आणि वर्षअखेरीस, म्हणजे ऐन नाताळाच्या सुमारास, साऱ्या वर्षाची यादी जाहीर होऊ लागली.

आमचे बिऱ्हाड सातारला आणि आत्याचे सांगलीस. बुधवारी आठाच्या ठोक्याला आमचे आजोबा ‘केसरी’ घेऊन ओटीवर जाऊन बसत. हीच त्यांची संमती, असे आम्ही मुले समजत असू. सिलोनचा आवाज लाटेसारखा येई आणि जाई, आणि नेमका क्रमांक सांगण्याच्या वेळी तो बुडे. मग सांगलीच्या कार्डाची वाट पाहणे आले. कारण तेथे आमचे आतेबंधू, ज्यांस आम्ही सारे दादा म्हणतो, दर बुधवारी सर्व क्रम लिहून घेत. त्यांनी हळदीच्या एका अडत्याकडून लाल बासनाची लांबट चोपडी पैदा केली होती. अडत्ये ज्या रकान्यांत जमा आणि नावे मांडतात, त्यांत दादा गाण्याचे नाव, गायक, या आठवड्याचा क्रमांक आणि मागील आठवड्याचा क्रमांक मांडीत. समासात शेरेही असत: ‘वीज गेली, शेजारी ऐकले’; ‘आवाज खरखरीत, चौथे की पाचवे, संशय’.

वार्षिक यादीवर सातारा आणि सांगली यांची पैज लागे. आम्ही हरलो तर कंदी पेढे पाठवावयाचे, ते हरले तर भडंग. लता मंगेशकरांचे बालपण सांगलीत गेलेले. तेव्हा त्या गायल्या की सांगलीची सरशी, असा दादांचा दंडक, आणि केवळ त्यांच्या विरोधासाठी आम्ही मोहम्मद रफींचा पक्ष घेतलेला. १९६३ साली ‘ताजमहाल’ चित्रपटातील जे गीत वर्षाचे पहिले ठरले, ते नेमके दोघांनी मिळून गायलेले निघाले! पेढे आणि भडंग दोन्ही पाठविली गेली, आणि वाद पुढे कितीतरी कार्डे चालला.

या वह्या दादांनी जपून ठेविल्या होत्या. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचा महापूर सांगलीत शिरला, तेव्हा माणसे वेळेवर बाहेर पडली. तळमजल्यावरचे कपाट मात्र चार दिवस पाण्यात राहिले. वार्षिक याद्या पुष्कळांनी ठेविल्या आहेत, त्या आजही मिळतात. पण बुधवारामागून बुधवार केलेली ती टिपणे, आणि विशेषतः ते समासातील शेरे, यांस दुसरी प्रत नव्हती. आम्ही भेटीस गेलो, तेव्हा दादांनी नुकसानीविषयी चकार शब्द काढला नाही. ‘५८ सालची वही वरच्या फळीवर होती ना?’ एवढेच त्यांनी सुनेस विचारले. ती वरच्या फळीवर नव्हती.

आता त्याच घरात दादांची नात दुसऱ्याच यादीच्या मागे लागली आहे. विलायतेत नाताळाच्या आठवड्यात जे गाणे पहिले येते, त्यास मोठा मान असतो, आणि यादी शुक्रवारी निघते, म्हणून आपल्याकडे ती पोर रात्री जागत बसते. तिचे दैवत म्हणजे ‘लास्ट ख्रिसमस’ हे ‘व्हॅम’ या जोडीचे गाणे. १९८४ साली ते निघाले, तेव्हा इथिओपियातील दुष्काळपीडितांसाठी अनेक गायकांनी मिळून गायलेल्या गाण्याने त्यास दुसऱ्या क्रमांकावर अडविले. मौज अशी की, ‘व्हॅम’चे जॉर्ज मायकेल त्या दुसऱ्या गाण्यातही गायले होते, तेव्हा त्यांचा पराभव काही अंशी त्यांनीच केला म्हणावयाचा. पुढे २०१६ साली, ऐन नाताळाच्या दिवशी, ते निवर्तले. चाहत्यांनी मात्र हट्ट सोडला नाही. १ जानेवारी २०२१ च्या यादीत ते गाणे अखेर पहिले आले, म्हणजे छत्तीस वर्षांनी! आणि नाताळाच्या आठवड्यातील मान त्यास २०२३ साली आणि पुन्हा २०२४ साली मिळाला. अमेरिकेत याहूनही नवल घडले. ब्रेंडा ली या बाईंनी १९५८ साली, तेराव्या वर्षी ध्वनिमुद्रित केलेले नाताळगीत २०२३ साली पहिल्या स्थानी गेले, तेव्हा त्यांचे वय ७८ होते.

हे कसे होते, याचा आम्ही बराच विचार केला. पूर्वी मोजणी विक्रीची असे. तबकडी एकदा घेतली की एकदाच मोजली जाई. मग ती घरात हजार वेळा वाजो, यादीस त्याचा पत्ता नसे. आता गाणी तारेवाचून घरोघर येतात आणि प्रत्येक ऐकणे मोजले जाते. त्यामुळे नवीन काय घेतले यापेक्षा जुने काय पुन्हापुन्हा लावले हे आकड्यांत दिसू लागले. आमच्या गणेशोत्सवात अशी मोजणी झाली असती, तर समर्थांची म्हणून जी आरती आपण म्हणतो, तिने सज्जनगडाइतके अढळ स्थान दरसाल पटकाविले असते, आणि यादी काढणाऱ्यांनी कंटाळून उद्योगच सोडला असता.

या व्यवहाराची एक बाजू मात्र आम्हांस रुचत नाही. आवडत्या गायकाचा आकडा वाढावा म्हणून कित्येक चाहते रात्रभर गाणे फिरवीत ठेवतात, आणि झोपमोड नको म्हणून आवाज बंद करतात! अखेर विलायतेतील यादीकारांस नियम करावा लागला की, एका माणसाची एका गाण्याची दिवसातून दहाच ऐकणी धरावयाची. श्रोतृसंघांनीही आपापल्या गाण्यासाठी थोडी का खटपट केली असेल? परंतु कार्ड लिहिणाऱ्याने गाणे ऐकलेले तरी असे. न ऐकता ऐकण्याचा आकडा वाढविणे, ही युक्ती आमच्या पिढीस सुचली नसती. दादांच्या नातीस हे आम्ही बोलून दाखविले, तेव्हा ती म्हणाली, ‘काका आजोबा, मी ऐकते हो. पण मोजायचं म्हणून ऐकते की आवडतं म्हणून, ते मलाही आता सांगता येणार नाही.’ उत्तर प्रामाणिक होते, आणि आम्हांस त्यावर काही बोलता आले नाही.

अमीन सयानी २० फेब्रुवारी २०२४ रोजी गेले. ती बातमी नातीने दादांस मोठ्या अक्षरांत लिहून दाखविली. कारण त्यांस आता ऐकू जवळजवळ येत नाही. त्याच वर्षी नाताळाच्या आधी तिने बाजारातून एक नवी चोपडी आणली. विलायतेची यादी गेल्या ७२ वर्षांची आयती जपलेली आहे, कोणीही पाहावी; चोपडीची गरज काय, असे घरात एकाने विचारलेही. दादांनी तिकडे लक्ष दिले नाही. दर शनिवारी सकाळी चहाच्या वेळी नात नावे कागदावर उतरवून देते आणि ते ती मोडी वळणाच्या देवनागरीत, कधी न ऐकलेल्या गाण्यांची, एकाखाली एक मांडतात. एकदा आम्ही तेथे होतो. चौथे नाव लिहून झाल्यावर त्यांनी टाक थांबविला आणि नातीकडे पाहून विचारले, ‘मागल्या आठवड्यात हे कितवं होतं?’