अब्बांची खाट

माझे अब्बा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात होते. मधुमेहामुळे पायाची जखम भरत नव्हती. मी टोपलीभर सीताफळे नेली. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा मला भारी अभिमान! सिस्टरांनी टोपली अडवली.

“सर, साखर वाढली तर जखम कशी भरणार?”

मी खजील झालो. मास्तर असून एवढे सुचू नये! सीताफळे शेजारच्या ऊसतोड कामगाराच्या मुलांनी फस्त केली.

“अब्बा, तुम्हांला काय आणू?”

“चष्मा घरीच राहिलाय, बेटा. दिवसभर छताकडे किती बघायचं?”

दुसऱ्या दिवशी चष्मा, उर्दू वर्तमानपत्र आणि लुडो नेला. संध्याकाळी पुन्हा गेलो, तर अब्बा त्या कामगाराशी एका सोंगटीवरून भांडत होते. मी डबा धरून उभाच!