गच्चीवरची कडी

आमच्या सहकारी गृहसंस्थेची सात मजली इमारत रंगवावयास काढली, तेव्हा संस्थेचे अध्यक्षपद दुर्दैवाने मजकडे होते. दुर्दैवाने अशासाठी की, आलेल्या तीन निविदांतून एक निवडण्याचे काम मला करावे लागले, आणि कोणताही पापभीरू मध्यमवर्गीय गृहस्थ ते ज्या रीतीने करील त्याच रीतीने मी ते केले. प्रत्येक निविदेच्या शेवटच्या पानावरची बेरीज पाहिली आणि सर्वांत लहान बेरजेखाली सही केली. इमारतीभोवती परांची न बांधता माणसे गच्चीवरून दोराने खाली सोडून रंग देण्यात येईल, असे त्या निविदेत एका ओळीत लिहिले होते. ती ओळ मी वाचली नव्हती असे नाही. परंतु तिच्यात मला वाचलेला बांबूंचा खर्च दिसला. माणसे दिसली नाहीत.

ती दिसली एके दिवशी सकाळी, चहाच्या वेळी. आमच्या पाचव्या मजल्यावरच्या खिडकीबाहेर प्रथम दोन अनवाणी पाय उतरले, मग रंगाची बादली, आणि मग लहानशा फळीवर बसलेला एक विशीतला मुलगा. "सर, खिडकी लावून घ्या, पडद्यांवर शिंतोडे उडतील," तो म्हणाला. बीडकडचा असावा असे बोलण्यावरून वाटले. माझ्या पत्नीने गजांतून चहाचा पेला त्याच्या हाती दिला. काही तरी बोलावे म्हणून मी विचारले, "दोर कशाला बांधला आहे रे?" त्याने पेला न हिंदकळू देता मान वर केली आणि म्हटले, "वर बांधलाय की." देव कोठे आहे असे विचारल्यावर लहान मूल जसे सांगते, तसे ते उत्तर होते.

मी वर गेलो. गच्चीवर सूर्याच्या उन्हावर पाणी तापविणारा आमचा बंब आहे. त्याचा लोखंडी सांगाडा सिमेंटच्या चार ठोकळ्यांवर नुसता उभा आहे. त्याला जमिनीशी जखडणारा एकही खिळा नाही. मुलगा ज्यावर बसला होता तो दोर त्या सांगाड्याच्या एका पायाला बांधलेला होता. पहिला तुटला तर सावरावे म्हणून कमरपट्ट्याला अडकविलेला दुसरा दोर? तोही त्याच पायाला. दोन दोर आणि खुंटी एक! शिवाय दोन्ही दोर कठड्याच्या खरबरीत कडेवरून खाली गेले होते, आणि त्यांच्याखाली पोत्याचे फडकेसुद्धा नव्हते.

गेली सत्तावीस वर्षे मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवितो. पतन पावणाऱ्या पदार्थाचे गणित फळ्यावर किती वेळा सोडविले असेल याची गणती नाही. मात्र तो पदार्थ नेहमी एक निर्विकार गोळा असे. त्या सकाळी प्रथमच त्या गोळ्याला अनवाणी पाय फुटले. सत्तर किलो वजनाचा माणूस दोन मीटर पडला, तर त्याला दोन-तृतीयांश सेकंदही लागत नाही. तेवढ्यात त्याचा वेग ताशी साडेबावीस किलोमीटर होतो. ताठ दोराने त्याला दहा सेंटिमीटरांत थांबविले, तर दोरावर आणि बरगड्यांवर सरासरी १४७० किलोंचा भार येतो. तोच माणूस, उसवत जाऊन धक्का शोषणाऱ्या पट्टीमुळे, एका मीटरात थांबला तर २१० किलोंचा. ज्याला आपण दोराची मजबुती म्हणतो ती बव्हंशी हळू थांबण्याची सोय असते. मात्र दोन्ही हिशेबांत एक गोष्ट गृहीत असते : वरचे टोक जागचे हलणार नाही.

मुलाला वर घेतले आणि मी काम थांबविले. ठेकेदार म्हणाला, "साहेब, वीस वर्षांत काही झालं नाही." हा युक्तिवाद तर्कशास्त्राच्या वर्गात हास्यास्पद ठरतो, पण आमच्या सभेत त्याला तीन सभासदांनी अनुमोदन दिले. गच्चीवर कायमच्या कड्या बसवाव्यात, ही माझी सूचना ऐकताच सातव्या मजल्यावरचे गृहस्थ उठले आणि म्हणाले की, गच्चीला भोके पाडली तर पाणी माझ्या दिवाणखान्यात गळेल. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पण सर्वांत अडचणीचा प्रश्न त्या मुलानेच मला जिन्यात विचारला. "काम बंद केलंत सर, पण आमच्या हजेरीचं काय?" माझ्या सावधपणाचा पहिला भुर्दंड त्याच्या पोटावर पडला होता. नऊ दिवसांची अर्धी हजेरी संस्थेने दिली, उरलेली मी. यात औदार्य मुळीच नव्हते.

कड्या बसविण्यासाठी जो तंत्रज्ञ आला त्याने प्रथम गच्चीवर हातोडी ठोकीत एक फेरी मारली. आपण जिला भक्कम जमीन समजून उभे राहतो तो वरचा थर पाणी अडविण्यासाठी घातलेला, विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो. कठडाही नुसता विटांचा. त्यांच्यात रोवलेली कडी म्हणजे भाकरीत रोवलेली काडी. खरा आधार लोखंडी सळयांच्या काँक्रीटमध्ये, म्हणून पाण्याच्या टाकीचे खांब आणि लिफ्टच्या खोलीच्या तुळया निवडल्या. गळतीचा प्रश्नही त्यामुळे मिटला. दोन दोरांना दोन वेगळ्या कड्या, आणि माणूस जेथे लोंबणार त्याच्या शक्य तितक्या सरळ वर. कडी फार बाजूला असली तर पडणारा माणूस लंबकासारखा झोका घेऊन भिंतीवर आदळतो.

बसविण्याच्या कामात मला सर्वांत नवल वाटले ते धुळीचे. भोक पाडावयाचे, फुंकणीने धूळ उडवावयाची, ब्रशाने आतून घासावयाचे, पुन्हा फुंकावयाचे. मग रेझिन भरून कडीचा दांडा फिरवीत आत सारावयाचा आणि ते घट्ट होईपर्यंत हात लावावयाचा नाही. धूळ राहिली तर रेझिन काँक्रीटला न चिकटता धुळीला चिकटते. बाहेरून दोन्ही कड्या सारख्याच चकाकतात.

दोन दिवसांनी प्रत्येक कडीला ओढण्याचे यंत्र लावून सुमारे ६०० किलोंचा ताण पंधरा सेकंद दिला. अशी कडी दरमाणशी ५००० पौंड, म्हणजे सुमारे २२६८ किलो सोसणारी असावी, असा अमेरिकेतील नियम आहे. परंतु जागेवरच्या चाचणीत तेवढे ओढून चांगली कडी दुखवावयाची नसते. बारांपैकी अकरा कड्या ढिम्म राहिल्या. बारावीचा काटा चारशेवर गेला, थरथरला आणि खाली आला. आवाज काहीच झाला नाही. दांडा दोन बोटे बाहेर सरकला होता, आणि त्याच्यावर पिठासारखी पांढरी धूळ होती. संध्याकाळ झाल्यामुळे ते एक भोक घाईत उरकल्याचे बसविणाऱ्याने खालच्या आवाजात कबूल केले. तंत्रज्ञ रागावला नाही. "बरं झालं, आज निघाली," एवढेच म्हणाला.

मला तानाजीची घोरपड आठवली. १६७० साली सिंहगडावर चढताना दोर लावलेली घोरपड प्रथम अर्ध्यातून परत फिरली आणि तानाजीने तिला दरडावून पुन्हा वर चढविली, अशी आख्यायिका आहे. इतिहासाचे अभ्यासक ती खरी मानीत नाहीत. पण लहानपणी मी ती शंभरदा ऐकली आणि दर वेळी परत फिरणाऱ्या घोरपडीचा मला राग येई. आता वाटते, त्या रात्री आपले काम नीट केले ते तिनेच. आमच्या तंत्रज्ञाने तिला दरडावले नसते. वहीत 'नापास' असे लिहिले असते आणि कडा बदलावयास सांगितले असते.

बारावी कडी शेजारच्या नव्या भोकात बसविली आणि तीही तपासली. कमरपट्टे जाऊन खांदे व मांड्या धरणारे पट्टे आले. नुसत्या कमरेला पट्टा असला तर पडणारा माणूस मधोमध मोडतो. काम सुरू झाले त्या सकाळी मुलाने आपल्या दोन्ही कड्या एकेकदा हिसडून पाहिल्या. तपासणी झालेली त्याला माहीत होती. मग तो कठड्यापलीकडे गेला.

पुढच्या निवडणुकीत अध्यक्षपद दुसऱ्याकडे गेले. प्रत्येक कडीजवळ पुढील वार्षिक तपासणीच्या तारखेचा पत्रा लावलेला आहे. ती तारीख जवळ आली म्हणून परवा मी वर गेलो, तो टाकीजवळच्या दोन कड्यांना नायलॉनची दोरी बांधून कोणी ओल्या चादरी वाळत घातल्या होत्या, आणि पत्रा त्यांच्याआड गेला होता. मी दोरी सोडली, चादरी कठड्यावर पसरल्या. आज पाहतो तो दोरी पुन्हा तेथेच आहे.