पिनकोडवाली गाणी

रॅप करणारी पोरं आपल्या वस्तीचा पिनकोड मिरवतात. कुर्ल्याचा नेझी 'बॉम्बे ७०'चा, धारावीचा एमसी अल्ताफ 'मुंबई १७'चा. आमच्या सेलूचा पिनकोड ४३१५०३. तो अजून कोणी गाण्यात घेतलेला माझ्या कानावर आलेला नाही. म्हणून बाहेरच्यांचंच ऐकतो. त्यातलं इतरांनी ऐकावं असं काही इथे सांगतो. सुटं गाणं नाही, अख्खा अल्बम ऐका. रीलवर तीस सेकंद ऐकून माणूस कळत नाही.

सुरुवात नेझीच्या 'मग़रिब'पासून करा (२०२०). २०१४ साली 'आफत' हे गाणं त्याने आयपॅडवर केलं होतं. पुढे नाव झालं, आणि हा काही काळ संगीतापासूनच लांब गेला. त्यानंतरचा हा अल्बम. मग़रिब म्हणजे पश्चिम, आणि सूर्य बुडाल्यावरची नमाजही. दीन आणि गाणं यांची ओढाताण ज्याच्या घरात आहे, त्याला हे नाव वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

दुसरा एमसी स्टॅनचा 'इन्सान' (२०२२). पुण्याच्या ताडीवाला रोडचा हा पोरगा लहानपणी कव्वाली गायचा. 'बिग बॉस' जिंकल्यावर घराघरात पोचला. यात शिव्या आहेत, बायकांबद्दलची भाषा मला खटकते. घरात सगळ्यांसमोर लावू नका. पण वस्तीतल्या पोराचा एकटेपणा त्याच्या आवाजात खरा उतरतो.

तिसरा मुंबईच्या 'स्वदेसी' गटाचा 'चेतावनी' (२०२०). हे लोक मराठीतही रॅप करतात आणि थेट सत्तेला प्रश्न विचारतात. त्याआधी २०१९ मध्ये आरेच्या जंगलासाठी प्रकाश भोईर यांच्यासोबत केलेलं 'द वारली रिव्होल्ट' तर ऐकाच. शाहीर अमर शेख आठवतात. बार्शीचा मेहबूब पटेल, डफ घेऊन गिरणी कामगारांत गेला आणि मराठीचा शाहीर झाला. मुसलमानाने मराठीत गाऊन सत्तेला जाब विचारणं ही नवी गोष्ट नाही.

चौथा श्रीनगरच्या अहमेरचा 'लिटल किड, बिग ड्रीम्स' (२०१९). यात काश्मिरी येतं. शब्द कळले नाहीत तरी आवाजातली धग कळते. आणि मिक्सटेप म्हणजे काय हे समजायचं असेल तर दिल्लीच्या 'सीधे मौत' जोडीचं 'लंच ब्रेक' (२०२३). अल्बम घडीव असतो, मिक्सटेपमध्ये मोकळेपणा असतो. यात तीस गाणी आहेत. एका बैठकीत झेपणार नाहीत.

आता माझा मुद्दा. माझा भाचा वहीत दखनीत लिहितो. ऐकवताना मात्र शब्द बदलून मुंबईचे घालतो. विचारलं तर म्हणाला, "मामू, हौ-नक्को बोले तो लोगां हसते." खरंय. उर्दूवाले तिला बिघडलेली उर्दू म्हणतात, मराठीवाले सिनेमातल्या विनोदी पात्राची भाषा. पण वली औरंगाबादचा होता, आणि उत्तरेतल्या उर्दू शायरीने त्याच्यापासून धडे घेतले. वर सांगितलेल्या पोरांपैकी कोणीही शुद्ध भाषा बोलत नाही. गल्लीत जी बोलतात तीच माइकवर बोलतात, म्हणून ती ऐकली जातात.

घरातले मोठे म्हणतात, हे सगळं हराम. संगीताबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत, तो निवाडा करण्याइतका मी जाणकार नाही. पण परभणीत तुराबुल हक साहेबांच्या उरुसाला कव्वालीसाठी रात्रभर बसणाऱ्यांनी पोराला गप्प करताना एवढं तरी विचारावं, की राग वाद्याचा आहे की बोलण्याचा? बोलणं घाण असेल तर जरूर टोका. पण नोकरी नाही, भाड्याने घर मिळत नाही, नाव सांगितलं की समोरच्याचा चेहरा बदलतो, हे तो यमकात सांगत असेल, तर त्यात वाईट काय? ते आपण आजवर कट्ट्यावर कुजबुजतच बोललो.

पोरांना एकच सांगणं. स्टॅनची नक्कल करू नका, तो एक आहे, पुरे. त्याने आपला मोहल्ला सोडला नाही, तेवढं त्याच्याकडून घ्या. स्टुडिओ नसला तरी मोबाईल आहे. आणि 'नक्को'च्या जागी दुसरा शब्द घालू नका.