पिंगळीची ग्रामसभा आणि अणुबॉम्ब

परभणी सोडून गाडी पूर्णेच्या दिशेने निघाली की वाटेत पिंगळीचे स्टेशन लागते. आजूबाजूला काळी जमीन. पावसाळ्यात कपाशी, सोयाबीन, तूर. अशा गावाचा अणुबॉम्बशी संबंध काय, असे कोणीही विचारील. वर्षावासात इथल्या बांधवांसोबत बसून बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ऐकला, आणि संबंध लक्षात आला.

रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात तंटा झाला. शाक्यांच्या संघात सेनापतीने युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थांनी उभे राहून विरोध केला. दोन्हीकडची माणसे नेमून वाद मिटवा, असे सुचवले. बहुमत विरुद्ध गेले. त्यांनी घर सोडले, पण युद्धाला होकार दिला नाही. गृहत्यागाचे हेच कारण बाबासाहेबांनी सांगितले आहे.

आपली ग्रामसभाही अशीच सभा आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून तिला घटनेत स्थान मिळाले. संरक्षण हा केंद्राचा विषय. गावाच्या ठरावाने बॉम्ब मोडीत निघत नाही, हे खरे. पण ठराव म्हणजे गावाचे लेखी मत. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात मार्च १९८२ मध्ये दीडशेहून अधिक गावांनी आपापल्या गावसभेत अण्वस्त्र स्पर्धा थांबवा, असे मत दिले. त्याच वर्षी हिरोशिमाच्या महापौरांनी जगातील शहरांना हाक दिली. त्यातून उभ्या राहिलेल्या 'मेयर्स फॉर पीस' संघटनेत आज आठ हजारांहून अधिक शहरे आहेत. ६ ऑगस्ट १९४५ च्या एका बॉम्बने वर्षअखेरपर्यंत हिरोशिमात सुमारे १,४०,००० माणसे मेली. जगात आजही सुमारे १२,००० अण्वस्त्रे आहेत.

गावातल्या एक आजी म्हणाल्या, "आधी नळाला पाणी येऊ द्या बाबा, मग बॉम्बचं बघू." आजींचे म्हणणे रास्तच आहे. पण रोहिणीचे भांडणही पाण्याचेच होते. आणि नळाचा काय, बॉम्बचा काय, पैसा जनतेचाच.

आपल्याला बोलण्याचे आणखी एक कारण आहे. १९७४ च्या पोखरणच्या स्फोटाला 'स्मायलिंग बुद्धा' हे नाव चिकटले. ११ मे १९९८ चे स्फोट तर बुद्धपौर्णिमेलाच झाले. ज्यांनी पाण्यासाठी शस्त्र उचलायला नकार दिला, त्यांचे नाव असल्या शस्त्राला! पहिले शील रोज म्हणणाऱ्यांनी यावर गप्प बसायचे काय?

म्हणून बंधू-भगिनींनो, १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत चार ओळींचा ठराव मांडा: सर्व देशांनी अण्वस्त्र स्पर्धा थांबवावी, आपल्या सरकारने त्यासाठी पुढाकार घ्यावा. आया-बहिणींना सोबत न्या. इतिवृत्तात नोंद करून घ्या, नक्कल मागा. कारकुनी करताना एक कळले आहे, तोंडी बोललेले विरून जाते, नोंदवलेले राहते. ठराव नामंजूर झाला तरी खचू नका. सिद्धार्थांचे म्हणणेही त्या दिवशी संघाने फेटाळलेच होते.

जय भीम! नमो बुद्धाय!