पहिल्या पावसाची कविता

जून महिन्यात शाळा उघडल्या, की नव्या पुस्तकांचा वास आणि ओल्या मातीचा वास एकदमच येतो. मला सेवानिवृत्त होऊन आता काही वर्षे लोटली. तरी त्या दिवसांत सकाळी दहाच्या सुमारास माझे पाय आपोआप दाराकडे वळतात. अशा वेळी मला माझा पहिला जून आठवतो.

ते १९८६ साल. मराठी घेऊन एम. ए. झालेला मी जळगाव जिल्ह्यातील एका खेड्यात शिक्षक म्हणून रुजू झालो होतो. वृत्ते आणि अलंकार डोक्यात नुसते गजबजले होते. पहिल्याच आठवड्यात पाऊस आला. मुलांना कविता लिहायला शिकवण्यास याहून चांगला मुहूर्त कोणता, असे मला वाटले. सहावीच्या वर्गाला धीर यावा, म्हणून मी बालकवींची गोष्ट सांगितली. त्र्यंबक बापूजी ठोमरे हा आपल्याच जिल्ह्यातील धरणगावचा मुलगा. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरले, तेव्हा या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने तेथे कविता म्हटली आणि 'बालकवी' हे नाव मिळवले! मुलांचे डोळे चमकले. मग मी फळ्यावर यमकांची यादी लिहिली : गार-फार, मोर-थोर, नाचे-वाचे. "आता पावसावर कविता लिहा," असे सांगून मी खुर्चीवर समाधानाने बसलो.

चाळीस वह्या आल्या. जवळजवळ प्रत्येक वहीत एक मोर नाचत होता. त्या वर्गातील एकानेही मोर नाचताना पाहिलेला नव्हता, हे मला मागाहून कळले. माझ्या यादीतून निघून तो थेट वह्यांत शिरला होता. एका मुलीच्या वहीत मात्र मोर नव्हता. तिने तीनच ओळी लिहिल्या होत्या : 'आमचे घर तीन ठिकाणी गळते. आई दोन ठिकाणी भांडी ठेवते. तिसऱ्या ठिकाणी रात्री ती स्वतः निजते.'

त्याखाली मी तांबड्या शाईने लिहिले : 'यमक नाही. पुन्हा लिहा.'

दुसऱ्या दिवशी तिने वही आणून दिली. जुन्या तिन्ही ओळी पट्टी धरून नीट खोडलेल्या होत्या, आणि खाली सुवाच्य अक्षरात एक मोर नाचत होता. यमकही बिनचूक होते. मी विचारले, "अग, ते गळणारे घर कोठे गेले?"

ती खाली मान घालून म्हणाली, "गळकं घर कवितेत चालतं का, सर?"

त्या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही. त्या भागात धाब्याची घरे पुष्कळ. पावसाळ्यापूर्वी धाब्यावर नवी माती टाकून ती चोपावी लागते. ज्याला ते जमले नाही, त्याचे घर गळायचेच. त्या रात्री पाऊस पुन्हा कोसळू लागला. मी कोरड्या खोलीत अंथरुणावर पडून होतो. पण मला झोप येईना.

सकाळी वर्गात गेल्यावर प्रथम ती यादी पुसून टाकली आणि मुलांना बहिणाबाई चौधरींविषयी सांगितले. त्या जळगावजवळच्या असोद्याच्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर, शेतात काम करता करता त्यांना ओव्या सुचत. जवळची माणसे त्या टिपून ठेवत. १९५१ साली त्या वारल्या, आणि पुढल्याच वर्षी त्यांच्या कवितांचे पुस्तक निघाले. चूल, जाते, शेत, विहीर हेच त्यांचे विषय. जे रोज डोळ्यांसमोर होते, तेच त्यांनी गायिले.

"आज यमक शोधायचे नाही," मी म्हटले. "काल पावसात तुम्ही स्वतः काय पाहिले, तेवढेच सांगा." प्रथम कोणी बोलेना. मग एकजण म्हणाला, "आमच्या वासराला पहिल्यांदाच पाऊस लागला. ते घाबरून गायीच्या पोटाखाली शिरलं." दुसऱ्याने सांगितले, की तिघा भावंडांत छत्री एकच, आणि आज पाळी धाकट्याची होती! तासभर वर्ग थांबेना.

त्यानंतर मी त्यांना लहान अभंगाचे माप शिकवले. एका चरणात आठ अक्षरे. जोडाक्षर एकच धरायचे. काना, मात्रा, वेलांटी निराळी मोजायची नाही. मुले बोटे मोडून शब्द बसवू लागली. एखादा शब्द मावेना, की दुसरा शोधत. बाकांवर बोटांचा असा काही ठेका चालला, की शेजारच्या वर्गावरचे शिक्षक दारात डोकावून गेले.

ती मुलगी माझ्याजवळ आली. "सर, खोडलेलं पुन्हा घेऊ का?"

"घे," मी म्हटले.

तास संपता संपता तिने वही पुढे केली :

घर गळे तीन जागी
ठेवायला भांडी दोन
तिसऱ्या त्या थेंबाखाली
सांगा, निजणार कोण?

'न' आणि 'ण' यांचे यमक काही शुद्ध नव्हे, हे माझ्या ध्यानात आले. पण तांबड्या पेनाचे टोपण मी काढले नाही. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर तिने कवितेत लिहिले नव्हते. ते वर, पट्टीने खोडलेल्या तिसऱ्या ओळीत होते.