मागचं दार

7 डिसेंबर 2025, रविवारची सकाळ. चहाचं आधण ठेवलं होतं, एवढ्यात धाकट्या बहिणीचा फोन आला. ती बैलहोंगलला दिलेली. सासर कन्नड, त्यामुळं घाबरली की अर्धं मराठी, अर्धं कन्नड बोलते. "अक्का, टीव्ही लाव. गोव्यात हॉटेलला आग लागलीय. आणि हा फोन एत्तवल्ल!"

'हा' म्हणजे तिचा थोरला, माझा भाचा. पेडणे तालुक्यात मांद्र्याला एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला आहे. ती नोकरी मीच ओळखीतून लावून दिलेली.

आग हडफड्याला, म्हणजे बार्देश तालुक्यात, नदीच्या अलीकडं लागली होती. हे मला नकाशावरून कळत होतं. पण पोरगा फोन उचलत नसला की नकाशा काय कामाचा? बहीण सारखं विचारत होती, "त्या क्लबात मदतीला पाठवलं नसेल ना त्याला?" साडेनऊला त्याचा फोन आला. रात्री दोनला काम संपवून झोपला होता, मोबाईल खाली चार्जिंगला होता. "मावशी, आम्ही पेडण्यात. बरे हाय की आम्ही!" मी गॅस बंद केला, तेव्हा पातेल्यातलं सगळं पाणी आटलं होतं.

त्या क्लबमध्ये 25 जणांचा जीव गेला. त्यातले 20 जण तिथं काम करणारे. झारखंड, आसाम, उत्तराखंड, नेपाळ... कुठून कुठून पोटासाठी आलेली पोरं. कार्यक्रम सुरू असताना आतच उडवलेल्या ठिणग्यांच्या फटाक्यांनी आग लागल्याचं प्राथमिक तपासात पुढं आलं. बाहेर पडायच्या वाटा अरुंद. बरेच जण तळघरातल्या स्वयंपाकघरात अडकले आणि धुरानं गुदमरून गेले. रस्ता इतका चिंचोळा की अग्निशामक बंब लांबच थांबवावे लागले. पंचायतीची पाडण्याची नोटीस, तिला मिळालेली स्थगिती, परवाने, यावर वर्तमानपत्रांतून खूप लिहून आलं. माझ्या डोक्यातून मात्र ते तळघर जाईना. आमचा पोरगा स्वयंपाकघरातच काम करतो ना!

नोकरी लावताना मी काय काय विचारलं होतं, ते आठवून बघितलं. पगार किती, जेवण मिळतं का, गणपतीला सुट्टी देणार का. राहायची सोय आहे म्हटल्यावर मी खूशच झाले होते. ती सोय कशी आहे, हे काही मी विचारलं नव्हतं.

संक्रांत झाल्यावर आम्ही दोघी बहिणी निघालो. डब्यात तीळ लावलेल्या भाकरी आणि शेंगाहोळगी, म्हणजे आपली शेंगदाण्याची पोळी. चोर्ला घाट उतरून साखळी, मग डिचोली. डिचोलीला बस बदलायची होती. समोरच्या एका लहानशा बारचं शटर अर्धं वर होतं आणि खालून वाकून दोन पोरं बाहेर येत होती. हातात दात घासायचा ब्रश, बोलणं आपल्याकडचं कन्नड. रात्री आतच झोपली असणार. एरवी माझं लक्षही गेलं नसतं.

त्यांना बघून मला बेंगळुरूची गोष्ट आठवली. 8 जानेवारी 2018 च्या पहाटे कलासीपाळ्यातल्या कैलाश बारला आग लागली आणि आत झोपलेले 5 कामगार गेले. त्याच्या दहाच दिवस आधी, 29 डिसेंबर 2017 ला, मुंबईत कमला मिलच्या गच्चीवरच्या पबच्या आगीत 14 जण गेले होते. काही जण तर जीव वाचवायला स्वच्छतागृहात शिरले आणि तिथंच धुरानं कोंडले गेले. मुंबईचं नाव आजही निघतं. त्या पाचजणांची आठवण फारशी कुणी काढत नाही.

मांद्र्याचं हॉटेल पुढून बघाल तर खूश व्हाल. माडाच्या झावळ्यांचं छप्पर, बांबूचे खांब, त्यांना गुंडाळलेल्या दिव्यांच्या माळा. मागं गेलो. स्वयंपाकघराला लागून सिलिंडर. शेजारून लाकडी जिना, त्याच्या पायऱ्यांवर तेलाचे रिकामे डबे आणि पुठ्ठ्याची खोकी. वर एक खोली, तिच्यात सहा पोरं. खिडकीला लोखंडी गज. दार एकच.

"आणि रात्री बाहेरनं कुलूप घालतेत," भाचा सहज म्हणाला.

"कोण?"

"वॉचमन. पोरं रात्री भटकत्यात, सामान जातंय म्हणून. सकाळी सहाला काढतो की."

बहिणीनं डबा तसाच जिन्यावर ठेवला. "सामान भर तुझं. आत्ताच्या आत्ता घरी चल."

तो गप्प बसला. धाकटीच्या कॉलेजची फी त्याच्या पगारातून जाते, हे तिलाही ठाऊक होतं. शेवटी मीच मॅनेजरकडं गेले. माणूस वाईट नव्हता, चहा दिला. "मावशी, हे सगळीकडं असंच असतं. दुसरा जिना पुढच्या सीझनला बघू," म्हणाला. मी म्हटलं, "जिना पुढच्या सीझनला करा. कुलूप आज काढा." भाच्याच्या मागं बाकीची पाच पोरंही येऊन उभी राहिली होती. काही बोलली नाहीत, पण हललीही नाहीत. मॅनेजरनं त्यांच्याकडं बघितलं आणि वॉचमनला हाक मारली.

तेव्हापासून दाराला आतून कडी आणि कुलूप आहे. किल्ली दाराशेजारी खिळ्याला असते. जिन्यावरचे डबे पोरांनीच हलवले. दुसरा जिना अजून झालेला नाही. बहीण अजून रात्री नीट झोपत नाही.

आपल्या जुन्या घरांना पुढचं दार असतं तसं परसदार असतंच. बैलहोंगलच्या घरी त्याला हित्तल बागिलु म्हणतात. घर कितीही गरिबाचं असो, मागून निघायला वाट हवीच. कन्नडमध्ये म्हण आहे, 'हित्तल गिड मद्दल्ल', परसातल्या झाडाला कुणी औषध मानत नाही. परसदाराचंही तसंच झालंय. अमेरिकेत 20 फेब्रुवारी 2003 ला 'द स्टेशन' नावाच्या क्लबमध्ये अशाच आतल्या आतषबाजीनं आग लागून 100 माणसं गेली. दुसरी दारं असूनही बहुतेक जण आले त्याच दाराकडं धावले आणि तिथं चेंगराचेंगरी झाली. घाबरलेल्या माणसाला आलेली वाटच आठवते. म्हणून दुसरी वाट आधीच बघून ठेवायची. दार बाहेरच्या बाजूला उघडतं का, वाटेत सामान आहे का, हेही बघायचं. धूर वर चढतो. म्हणून वाकून, वेळ पडली तर रांगत, भिंतीच्या कडेनं बाहेर पडायचं. आणि वाढदिवसाला हॉटेलात केकवर ठिणग्यांची नळी लावतात ना, वर झावळ्या किंवा कापडी छत असेल तर ती सरळ नको म्हणायची.

आपल्या खानापूर, चंदगड, बेळगावातली किती पोरं गोव्यातल्या हॉटेलांत राबतात! पगार विचाराल, तेव्हा एवढंही विचारा : झोपतोस कुठं, दारं किती आणि किल्ली कुणाकडं?

बहीण रोज रात्री त्याला फोन करते. आधी "ऊट आतेनो?" मग लगेच, "किल्ली?"

"खिळ्याला हाय की गं," तो म्हणतो. मग ती फोन ठेवते.