हिऱ्याच्या पाठीमागची मोकळी जागा

अमल दत्त (१९३०–२०१६) हे पक्की नोकरी सोडून निव्वळ फुटबॉल शिकवण्यावर पोट चालवणारे भारतातले पहिले प्रशिक्षक मानले जातात. त्या काळात हा वेडेपणाच होता. हैदराबादचे थोर सय्यद अब्दुल रहीम पेशाने शिक्षक. कोलकात्याचे प्रदीपकुमार बॅनर्जी, म्हणजे सगळ्यांचे ‘पीके’, रेल्वेचे. फुटबॉल शिकवायचा तो हपीस सुटल्यावर, अशीच एकंदर रीत होती.

दत्त मधल्या फळीत खेळत. कोलकात्याच्या ईस्ट बंगाल क्लबकडून, आणि १९५४च्या मनिला आशियाई स्पर्धेत भारताकडूनही. खेळ संपल्यावर त्यांनी पदरमोड करून इंग्लंड गाठले आणि प्रशिक्षणाचे रीतसर धडे घेतले. सामन्यांच्या फिती आणि प्रोजेक्टर घेऊन ते पुढे बंगालच्या जिल्ह्याजिल्ह्यांत हिंडले. दूरदर्शनचा मागमूस नसलेल्या गावांत, पडद्यावर हलणाऱ्या करड्या आकृत्यांवरून लोकांना कळू लागले की युरोपात बचावपटू नुसता उभा राहत नाही, धावतो. कीर्तनकाराने गावोगाव जावे तसेच हे.

१९६९मध्ये ते कोलकात्याच्याच मोहन बागान क्लबचे प्रशिक्षक होते. त्या वर्षीच्या आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात त्यांनी बाजूचा बचावपटू भवानी राय याला कडेकडेने थेट पुढे मुसंडी मारायला लावले. आज शाळेतला मुलगाही हे करतो. तेव्हा मागच्या माणसाने जागा सोडणे म्हणजे पहारेकऱ्याने दार उघडे टाकून जत्रेला जाणे होते. मोहन बागानने ईस्ट बंगालला ३–१ हरवले.

पुढची तीन दशके दत्त आणि पीके या दोन नावांभोवती कोलकात्याचा फुटबॉल फिरत राहिला. पीकेंचे हत्यार म्हणजे वाणी. सामन्याआधी खेळाडूंना भारून टाकणाऱ्या त्यांच्या भाषणाला ‘व्होकल टॉनिक’ असे नावच पडले होते. दत्त फळ्यावरचे. खडूने काढलेली आकृती खेळाडूच्या पायात उतरवता येते, यावर त्यांची श्रद्धा. त्यांची जीभही गप्प बसणारी नव्हती, पण ती बहुधा चुकीच्या वेळी सुटे.

१९९७च्या फेडरेशन चषकात हे दोघे समोरासमोर आले. दत्त मोहन बागानकडे, पीके ईस्ट बंगालकडे. दत्तांनी ‘डायमंड’ रचना आणली होती: मागे मोजकी माणसे, मधली फळी हिऱ्याच्या चार टोकांसारखी, आणि चेंडू मिळताच सगळा संघ लाटेसारखा पुढे. उपांत्यपूर्व फेरीत या लाटेने गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सला ६–० असे बुडवले. शहर हिऱ्याने दिपून गेले. पानाच्या ठेल्यावरही व्यूहरचनेची चर्चा चालावी, असे भाग्य भारतीय फुटबॉलला क्वचितच लाभते.

उपांत्य सामना १३ जुलैला, सॉल्ट लेकच्या स्टेडियममध्ये. त्याआधी दत्तांनी प्रतिस्पर्ध्यांची टिंगल मांडली. भायचुंग भुतियाला ‘चुंगचुंग’, ओमोलोला ‘ऑम्लेट’, सोसोला ‘शोशा’. बंगालीत शोशा म्हणजे काकडी. विनोद म्हणून तिन्ही बेताचेच, पण पीकेंच्या टॉनिकला यापेक्षा चांगला कच्चा माल मिळाला नसता. प्रेक्षक आले १,३१,७८१. सिमेंटच्या पायऱ्यांवर मांडीला मांडी. एकीकडे हिरवा-किरमिजी, दुसरीकडे लाल-पिवळा. एकीकडे कोळंबी, दुसरीकडे हिल्सा, कारण या शहरात क्लबाची निष्ठा ताटातल्या माशावरून ओळखतात. पूर्व बंगालातून उखडून आलेल्यांचा क्लब आणि मूळच्या रहिवाशांचा क्लब, हे भांडण फाळणीहूनही जुने आहे.

हिऱ्यात खोट होती, आणि ती फळ्यावरच दिसण्यासारखी होती. सगळे पुढे गेले की मागे मोठी मोकळी जागा उरते. त्या जागेत विशीतला भायचुंग धावला. ईस्ट बंगाल ४–१. पहिला गोल नाझिमुल हकचा, उरलेले तिन्ही भायचुंगचे. मोहन बागानसाठी चीमा ओकोरीने एक फेडला. एकाच संध्याकाळी एका सिद्धान्ताचा निकाल लावणे खरे तर अन्यायाचे आहे. पुढे जगभरचे संघ असेच अंगावर धावून जाणारे फुटबॉल खेळले आणि त्यांचे कौतुक झाले. पण कोलकात्याने आकडा तेवढा लक्षात ठेवला.

चषक मात्र ईस्ट बंगाललाही मिळाला नाही. अंतिम सामन्यात वास्कोच्या साळगावकर संघाने त्यांना २–१ असे हरवून तो गोव्याला नेला. त्याच हंगामात मोहन बागानने राष्ट्रीय लीग पहिल्यांदा जिंकली, तीही चाथुन्नी या दुसऱ्या प्रशिक्षकाच्या हाताखाली.

अमल दत्त १० जुलै २०१६ रोजी वारले. पीके २० मार्च २०२० रोजी. सॉल्ट लेकच्या स्टेडियमची २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकासाठी डागडुजी झाली, पायऱ्यांच्या जागी खुर्च्या आल्या. त्या स्पर्धेच्या अंतिम सामन्याला तिथे ६६,६८४ प्रेक्षक होते, म्हणजे त्या जुलैतल्या गर्दीच्या साधारण निम्मे. आता तिथे तेवढी माणसे बसूच शकत नाहीत.